विजयंता कधी येणार

नांदेड
२४ मे २०२४

प्रिय शिल्पा,

तुझा रंगांचा डबा एसटीच्या पार्सलात सुखरूप पोचला. एकही बाटली फुटली नाही. थिनर वेगळ्या पिशवीत गुंडाळलं होतंस ते बरं केलंस. सगळं माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलंय. बाळंतपण होऊन तू मागशील तेव्हाच तिथून हलेल. डॉक्टर म्हणाले रंगाच्या वासापासून लांब राहा, आणि तू डबाच घराबाहेर काढलास. मी असते तर कपाटाला कुलूप लावून किल्ली स्वतःकडेच ठेवली असती.

आता खरी बातमी. विजयंता येतोय.

खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचं मॉडेल, जोडायचं पूर्ण किट. जिनं मागं जीप काढली होती तीच तमिळनाडूकडची छोटी कंपनी काढतेय. काल आपल्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर आप्पासाहेबांनी टाकलं. ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून नटबोल्ट मोजण्याशिवाय दुसरं काही करत नाहीत, म्हणजे बातमी पक्की समज. दसऱ्याला बाजारात येणार म्हणतात. मी दोन किटं सांगून ठेवलीत, एक तुझं.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो होतो, तेव्हा तू ओढणीनं विजयंताचं चाक मोजत होतीस आणि गार्डनं हटकलं होतं. ‘ताई, हे कापडाचं दुकान न्हाई’ म्हणाला होता. तेव्हापासून आपण या किटची वाट बघतोय. बारा वर्षं कुणाला हा रणगाडा काढावासा वाटला नाही.

मॉडेलच्या गोष्टी पत्रातच, हा आपला नियम मी मोडला नाही, फोन केला नाही. उरलेले सुटे पार्ट सोबत टाकलेत, बघ.

बाळ पण दिवाळीच्या आसपासच ना?

तुझी
सादिया


लातूर
९ जून २०२४

सादिया,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरातच खाली बसले. आत्याबाईंना वाटलं चक्कर आली. त्या पाणी घेऊन धावत आल्या. मी म्हटलं, काही नाही, विजयंता येणार आहे. त्या म्हणाल्या, ‘कोण पाव्हणी हाय ही? कुठली?’

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गुरम्मा. तू लग्नात बघितलंस त्यांना, निलंग्याकडच्या, अर्धं कानडी बोलणाऱ्या. माझं मॉडेलचं टेबल त्यांनी माळ्यावर टाकायला लावलंय. महालिंगनं मुकाट्यानं टाकलं. आईसमोर माझा नवरा बोलत नाही, आणि आई नसली तरी फार बोलत नाही. नणंद, महादेवीवन्स, मागच्या गल्लीतच दिलीय. रोज चक्कर असते. तिला या मॉडेलचं काय वाटतं ते तिच्या नाकावरून कळतं.

पण मी मजेत आहे. काल ऑफिसात कुणाच्या तरी बंगल्याच्या जिन्याचा नकाशा काढत होते आणि पोटात हललं. पहिल्यांदाच. आतून कुणीतरी टिचकी मारावी तसं. पेन्सिल खाली ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. साहेबांनी विचारलं, माप चुकलं का? मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

कंपनीला विचार, चाकांचे रबर वेगळे दिलेत की चाकालाच? वेगळे असले तर रंगवायला सोपं. आणि तोफेची नळी एका तुकड्यात हवी. दोन अर्धी चिकटवली की मधली रेघ घासता घासता जीव जातो.

दसऱ्याला किट आलं तर माझ्यासमोर नऊ महिन्यांचं पोट असेल. टेबलाला हात पोचायचे नाहीत. तू जोड, मी बघते.

शिल्पा


नांदेड
२८ जुलै २०२४

शिल्पा,

ग्रुपवर रणधुमाळी चालू आहे. कंपनीनं संगणकावरची चित्रं टाकली आणि आप्पासाहेबांनी त्यातल्या तोफेच्या बुरुजाच्या उतारात चूक काढली. कंपनीवाल्यांनी कबूल केलं. आता ते सुधारणार, म्हणून सगळे खूश, आणि तारीख पुढं जाणार, म्हणून सगळेच नाराज.

तुझे प्रश्न विचारले. नळी एका तुकड्यात आहे. चाकांवरून फिरणाऱ्या साखळीचा मात्र प्रत्येक दुवा सुटा. एकेक कापून, घासून, एकात एक अडकवायचा. मला चालतंय. दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांचे नकली दात घासते, संध्याकाळी दुवे घाशीन. अब्बा म्हणतात, तुझ्या आणि माझ्या धंद्यात फरक काय, मी घड्याळाच्या चाकांचे दात बघतो, तू माणसांचे.

आता तू सातव्यात ना? मुखेडला माहेरी कधी जाणार? तुझ्या आईकडं रेंज येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेव. ग्रुपवर मी पैज लावलीय की आधी तुझी डिलिव्हरी होणार, मग विजयंताची. आप्पासाहेब उलटं म्हणतात. मला हरवू नकोस.

तुझी
सादिया


लातूर
१२ सप्टेंबर २०२४

सादिया,

पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला.

चाकांच्या रबराचं कळलं नाही. कंपनीला परत विचारशील का? बुरुज सुधारला का? इंजिनवरची जाळी प्लॅस्टिकची आहे की पत्र्याची, तेही विचार. स्टिकर कोणत्या रेजिमेंटचे देणार आहेत?

तारीख नक्की झाली की कळव.

शिल्पा


नांदेड
२५ सप्टेंबर २०२४

शिल्पा,

तुझं पत्र वाचून वाटलं, एखाद्या ऑफिसातून आलंय. चार प्रश्न आणि खाली सही. मी पाकीट उलटं करून झटकलं, आत आणखी कागद राहिला असेल म्हणून.

रागावलीस का? पैजेचा राग आला असेल तर माफ कर, ग्रुपवर तुझं नाव घ्यायला नको होतं. मी ऑगस्टअखेर दोनतीनदा फोन लावला, बंद होता. मला वाटलं मुखेडला गेलीस. मग पत्रावर लातूर कसं? माहेरी गेलीच नाहीस? तब्येत बरी आहे ना? एवढंच लिही, बाकी काही नको.

किट दसऱ्याला येत नाही. बुरुजाचा साचा नव्यानं करतायत, जानेवारी म्हणतात. आप्पासाहेब हरले. पैज मीच जिंकणार असं दिसतंय.

अब्बांनी बाळासाठी चांदीचे वाळे बघून ठेवलेत, इतवाऱ्यात त्यांच्या सराफ दोस्ताकडं. मी म्हटलं, आधी घेऊ नका, आमच्या शिल्पाच्या घरी चालत नसेल.

लिही काहीतरी.

सादिया


लातूर
७ ऑक्टोबर २०२४

सादिया,

वाळे घेऊ नका.

ऑगस्टच्या शेवटी एक दिवस हालचाल थांबली. आधी मला वाटलं झोपलंय. संध्याकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा पडदा मला दिसणार नाही असा वळवला तेव्हा मला कळलं. नाळेला गाठ बसली होती. कुणाच्या हातात नसतं असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी कळा आणून मोकळं केलं. मुलगी होती.

मला गुंगी दिलेली होती. जागी झाले तेव्हा सगळं आटोपलं होतं. महालिंग आणि मामा, म्हणजे माझे सासरे, तिला घेऊन गेले होते. आमच्यात पुरतात. मी तिला पाहिलं नाही. पाहायचं का, असं कुणी विचारलं नाही, आणि मीही काही म्हणाले नाही.

मी रागावलेले नाही. तुला लिहायचं होतं पण काय लिहायचं ते सुचत नव्हतं, म्हणून जाळीचं विचारलं. जाळीचं खरंच जाणून घ्यायचं होतं.

तू येऊ नकोस. फोनही नको. लोक येतात, बसतात, माझ्याकडं बघतात, मी रडायची वाट बघतात. मला रडू येत नाही. मग ते आत्याबाईंकडं बघतात.

तू रणगाड्याबद्दल लिही. तेवढं वाचायला बरं वाटतं. बरं म्हणजे, वाचता येतं.

शिल्पा


नांदेड
१४ ऑक्टोबर २०२४

शिल्पा,

पत्र लॅबमध्ये मिळालं. हातातला साचा पुरा केला, मग घरी गेले. अब्बांना सांगितलं. त्यांनी दुकान बंद केलं आणि माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, ‘ती जे म्हणते तेच कर. आपल्या मनाचं करू नकोस.’

म्हणून तू म्हणालीस तेच करते.

जाळी पत्र्याची आहे. पातळ, पितळी, केसांच्या जाळीसारखी. चिकटवताना हात हलला तर वाकते. चाकांचे रबर वेगळे दिलेत, दोन्ही बाजूंना सहा-सहा जोड्या. आधी रबर काळं करून घ्यायचं, मग चाक आत बसवायचं. बुरुजाचा नवा साचा झालाय, त्याचा फोटो आला. पुढचा उतार आता बरोबर वाटतो. नळीच्या तोंडाला आतून खाच आहे. आपण नगरला त्यात बोट घालून बघितलं होतं.

स्टिकर दोन रेजिमेंटचे आहेत, एक वाळवंटी रंगाचा, एक हिरवा. तू हिरवा कर. वाळवंट मला दे.

एवढंच. दर आठवड्याला लिहीत जाईन. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

सादिया


लातूर
१९ नोव्हेंबर २०२४

सादिया,

तुझी पत्रं येतात. सगळी वाचते. साखळीचं पत्र दोनदा वाचलं.

मी ऑफिसात जायला लागले. नकाशे काढते. आधी मोजमापात कधीतरी चूक व्हायची, आता होत नाही. साहेब म्हणाले, शिल्पाताई, काम पहिल्यापेक्षा चांगलं होतंय. मी म्हटलं, हो.

भूक लागते. जेवते. मीठ कमी आहे की जास्त ते कळत नाही, समोरचे जेवतात तसं मी जेवते. महालिंग रात्री विचारतो, काही हवंय का? मी म्हणते, नको. तो म्हणतो, बरं. मग आम्ही झोपतो. तो झोपत नाही, मला कळतं. मी उठून विचारत नाही.

एक सांगायचं राहिलं. दवाखान्यातून आल्यावर दूध आलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कपडे भिजायचे. आत्याबाईंनी मोगऱ्याचे गजरे आणले, कापडात बांधून छातीला घट्ट आवळले. त्यांच्याकडं तसंच करतात. मोगऱ्याला त्या मल्लिगे म्हणतात. फुलं सुकली की नवी बांधायच्या. चार-पाच दिवसांत दूध आटलं. घरभर वास होता म्हणे. मला आला नाही.

आत्याबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. त्याचं कारण मला माहीत आहे. महादेवीवन्स सगळीकडं सांगते की मी पोटुशी असताना रंग आणि थिनर हुंगत बसायचे, त्यानं झालं. परवा ती बाहेरच्या खोलीत हे सांगत होती आणि मी आत भाजी निवडत होते. बाहेर जाऊन काही सांगावं असं मनात आलं नाही. ऐकत राहिले. दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट चालली आहे असं वाटलं.

जानेवारी नक्की का?

शिल्पा


नांदेड
१० डिसेंबर २०२४

शिल्पा,

तू नको म्हणाली होतीस आणि मी आले. आधी न कळवता आले, त्याची माफी मागते. तुझं ते पत्र वाचून मला लॅबमध्ये काम सुचेना. अब्बांना विचारलं नाही, त्यांनी नको म्हटलं असतं.

तू मला बघून म्हणालीस, ‘अरे, आलीस.’ मग चहा केलास. मग म्हणालीस डोकं जड झालंय, आणि आत जाऊन पडलीस. तुझी चूक नाही. पण तू आत गेल्यावर बाहेर काय झालं, ते तुला माहीत असायला पाहिजे, म्हणून लिहिते.

तुझी नणंद आली. मला म्हणाली, ‘तुम्हीच का त्या रंगवाल्या मैत्रीण?’

मी म्हटलं, हो.

‘मग तुम्हाला ठाऊकच असंल. किती सांगितलं तिला. पोटात लेकरू आणि ही वरती रंग फासत बसलेली.’

मी म्हटलं, ‘तिचे रंग माझ्याकडं आहेत. नांदेडला. मे महिन्यापासून.’

‘सगळे?’

‘सगळे. थिनरसकट. डॉक्टरांनी सांगितलं त्याच आठवड्यात तिनं पार्सल केले. तुमच्याच भावानं बसस्टँडवर नेऊन दिले, त्यांना विचारा.’

तुझा नवरा दारातच उभा होता. त्यानं ‘हो’ म्हणून मान हलवली. आईसमोर हलवली. तुझी नणंद म्हणाली, मला काय माहीत, लोक म्हणतात ते मी म्हणलं. तुझ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘च्या निवून चाललाय, पी माय.’

मी निघाले तेव्हा त्या चौकापर्यंत सोबत आल्या. रिक्षा थांबवली आणि विचारलं, ‘खरं सांगायलीस न्हवं?’

‘खरं आहे, मावशी.’

‘मग तिनं का न्हाई सांगितलं मला?’

‘तिला सध्या काही सांगताच येत नाही, मावशी. तुम्हीच बघा तिच्याकडं.’

रिक्षावाला घाई करत होता. मग त्यांनी पदराखालून एक पुडा काढून माझ्या पिशवीत कोंबला. शेंगाची चटणी होती.

रागावलीस तर रागाव. पण मला कळव.

सादिया


लातूर
१६ जानेवारी २०२५

सादिया,

रागावले नाही. राग येण्याइतकं काही होत नाही मला.

तू गेल्यावर महादेवीवन्स महिनाभर आली नाही, मग संक्रांतीला आली, तीळगूळ देऊन गेली. आत्याबाईंनी एकदा भाकरी थापता थापता विचारलं, ‘रंग धाडलंस ते मला का न्हाई सांगितलंस गं?’ मी म्हटलं, सुचलं नाही. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘मीबी न्हाई इचारलं.’ त्या दिवशी त्यांनी माझ्या ताटात तूप जास्त वाढलं, असं मला वाटतं. नक्की सांगता येणार नाही.

महालिंगनं टेबल माळ्यावरून खाली आणलं. कुणी सांगितलं होतं माहीत नाही. खिडकीजवळ ठेवलं, पुसलं, पाय हलत होता तिथं पुठ्ठ्याची घडी घातली. मग मला म्हणाला, ‘ठेवलंय.’

टेबल रिकामं आहे. मी रोज त्याच्याकडं बघते. जानेवारी अर्धा गेला, विजयंता कुठं आहे?

शिल्पा


नांदेड
२५ फेब्रुवारी २०२५

शिल्पा,

आला.

काल दोन्ही खोके आले. तुझं न उघडता उद्याच्या लातूर गाडीनं पाठवतेय. पार्सल महालिंगच्या नावावर केलंय. रंगांचा डबाही सोबत आहे.

माझं मी रात्री उघडलं. खोटं सांगत नाही, बघून थोडी निराश झाले. एवढी वाट बघितली, आणि आत काय, हिरव्या प्लॅस्टिकच्या चौकटी. सगळ्याच किटांत असतात तशा. आप्पासाहेब पण ग्रुपवर गप्प आहेत. वाट बघण्यात जे होतं ते आता संपलं, असं काहीतरी वाटून गेलं. सकाळी परत बघितलं तेव्हा बरं वाटलं. बुरुजाचा उतार खरंच सुंदर आहे.

पुढच्या आठवड्यात रोजे सुरू होतील, तेव्हा माझं काम ईदनंतरच. तू घाई करू नकोस. नाही उघडलंस तरी चालेल. फक्त साखळीचे दुवे कापताना धारदार कटर वापर, कानाकोपऱ्यात प्लॅस्टिक उरतं आणि मग दुवा अडकत नाही.

तुझी
सादिया


लातूर
६ एप्रिल २०२५

प्रिय सादिया,

ईद मुबारक. उशिरा देतेय. अब्बांनाही सांग.

खोका आल्यावर मी तो फ्रीजवर ठेवला होता. महिनाभर तिथंच होता. येताजाता दिसायचा. उघडायला हात होत नव्हता आणि का होत नव्हता तेही सांगता येत नव्हतं.

मागच्या रविवारी दुपारी महालिंग आणि मामा गावाकडं गेले होते. जेवणं झाली, भांडी झाली. आत्याबाईंनी खोका काढून टेबलावर ठेवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, ‘उघड.’

मी उघडला.

‘काय असतंय ह्येच्यात?’

‘रणगाडा. लढाईतला.’

‘सगळे तुकडेच की.’

‘जोडायचे असतात.’

‘मग जोड. मी बसते.’

मी चौकटी काढल्या. कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून साखळीपासून केली. त्यात विचार करावा लागत नाही. दुवा कापायचा, उरलेला कण घासायचा, बाजूला ठेवायचा. थोडा वेळ त्यांनी नुसतं बघितलं. मग चष्मा लावला आणि हात पुढं केला. ‘दे इकडं. घासायचं मी करते.’ मी पॉलिशपेपरचा तुकडा दिला. पहिले दोन दुवे त्यांनी मोडले. मी म्हटलं, चालतंय, जादाचे दिलेत. त्या ज्वारी निवडायला बसतात तशा मांडी घालून खुर्चीवर बसल्या आणि घासायला लागल्या. मी कापत होते, त्या घासत होत्या. बाहेर ऊन होतं, गल्लीत कुणी नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, ‘मीच धुतलं तिला.’

मी कापायची थांबले. त्या थांबल्या नाहीत. खाली बघूनच बोलत होत्या.

‘दवाखान्यातली बाई म्हणली, द्या इकडं, आमी करतो. मी म्हणलं न्हाई, आमचं हाय, मी करते. कोमट पाणी मागून घेतलं.’

सादिया, इतक्या महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं. ‘कशी होती?’

‘केस लई. ओले केले तसे कपाळावर आले. मी मागं सारले.’

‘आणि?’

‘कान तुझ्यावानी. पाळी खाली चिकटलेली.’

‘नखं होती?’

‘व्हती की. बारीक बारीक. कूसुला असत्यात तशी.’ बाळाला त्या कूसु म्हणतात.

‘तोंड?’

त्यांनी थोडा विचार केला. ‘कंटाळा आल्यावानी. लई येळ बसवून ठेवल्यावर लेकरं करत्यात तसं. दुखत असल्यावानी नव्हतं. मी नीट बघितलं ना.’

मी विचारलं, कशात गुंडाळलं?

‘माझ्या निळ्या इरकलीत. फाडली. दवाखान्यातला कपडा मला नको वाटला.’ मग म्हणाल्या, ‘तुला दाखवावं म्हणलं होतं मी. डॉक्टरीण म्हणली नको, मनावर घेईल. मला काय कळतंय, मी ऐकलं.’

त्यांनी घासलेला दुवा फुंकून माझ्यासमोर ठेवला आणि पुढचा मागितला. मी कापून दिला. संध्याकाळपर्यंत आम्ही एका बाजूची साखळी पुरी केली. मधे महादेवीवन्स डोकावली. ‘अगं बाई, पुन्हा हे काढलं का घरात?’ म्हणाली. आत्याबाई म्हणाल्या, ‘मीच काढायला लावलं. बस, न्हाईतर च्या कर.’ तिनं चहा केला.

त्या रात्री मला झोप लागली. रडू आलं नाही. पण मला चेहरा होता बघायला. डोळे मिटल्यावर काहीतरी दिसत होतं, पहिल्यांदा.

आता कालचं सांगते. मी महालिंगला म्हटलं, मला तिथं घेऊन चल. तो चपला घालत होता, तसाच थांबला. कुठं, असं त्यानं विचारलं नाही. स्कूटी काढली.

आमच्या लोकांची रुद्रभूमी, पुरायची जागा, गावाबाहेर आहे. लहान लेकरांची जागा मागच्या कुंपणाशी. मला वाटलं होतं त्याला शोधावं लागेल, तिथं खूण काहीच नाही. तो सरळ गेला. बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून, आणि वर तीन दगड. तो म्हणाला, ‘इथं.’ काट्या ताज्या होत्या. म्हणजे तो येत होता. मला कधी बोलला नाही.

मी बसले. माती गरम होती. आत्याबाईंनी सांगितलेले केस, कान आणि नखं तेवढी आठवली. मग उठले. म्हटलं, चल.

परत येताना नाल्यावरच्या पुलाशी त्यानं गाडी थांबवली. मला वाटलं पेट्रोल संपलं. तो उतरला, कठड्याकडं तोंड करून उभा राहिला आणि रडायला लागला. मोठ्यानं. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. ट्रॅक्टरवरची माणसं वळून बघत गेली. मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, तो थांबेपर्यंत. बघणाऱ्यांना बघू दिलं.

मग मी म्हटलं, मागं बस, मी चालवते. तो मागं बसला. घरापर्यंत त्यानं माझे दोन्ही खांदे धरून ठेवले होते. रस्त्यात खड्डे आहेत, मी सावकाश चालवली.

तुझी
शिल्पा